प्रकाशसंश्लेषी जिवाणूंचे म्युटंट वाण आणि भातासाठी युरिया

प्रश्न : प्रकाशसंश्लेषी जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणजे त्यापासून अमोनिया बनवतात, आणि त्यांचे काही म्युटंट (जनुकात बदल झालेले) वाण अमोनिया उपलब्ध असतानाही हे काम चालू ठेवतात, असे वाचनात आले. असे वाण वापरून भाताचा युरिया पूर्णपणे बंद करता येईल काय?

उत्तर : युरिया पूर्णपणे बंद करू नये. आपण वाचलेली माहिती खरी आहे, परंतु ते वाण अभ्यासाचे साधन आहेत, शेतात वापरायचे जिवाणू खत नव्हे.

ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम हा जांभळा प्रकाशसंश्लेषी जिवाणू नत्र स्थिर करतो, हे मार्टिन कामेन आणि हॉवर्ड गेस्ट यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. हे काम नायट्रोजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) करते. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू तयार करताना त्याला एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे) किमान १६ रेणू खर्च करावे लागतात. त्यामुळे आयता अमोनिया मिळू लागला की जिवाणू हे विकर तयार करणे थांबवतो. रुब्रममध्ये तर अमोनिया मिळताच किंवा अंधार होताच तयार असलेले विकरही तात्पुरते निष्क्रिय केले जाते. या नियंत्रणात कोणत्या जनुकाचा काय वाटा आहे, हे ओळखण्यासाठी ते जनुक बिघडवलेला वाण तयार करून मूळ वाणाशी त्याची तुलना करतात. जो वाण अमोनियावर वाढतो पण केवळ हवेतील नत्रावर वाढत नाही, त्याच्यात नत्र स्थिरीकरणाशी संबंधित जनुक बिघडले असावे, असा तर्क करता येतो. याउलट, कर्बवायू स्थिर करणारे रुबिस्को विकर काढून टाकलेले काही वाण अमोनिया असतानाही नायट्रोजिनेज चालू ठेवतात, कारण कर्बवायू स्थिर करण्यात खर्च न झाल्याने साठलेले जादा इलेक्ट्रॉन वापरून टाकण्यासाठी त्यांना दुसरी वाट हवी असते. माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत उद्बोधक निष्कर्ष हाच आहे, कारण इथे नत्र स्थिरीकरण पोषणापेक्षा इलेक्ट्रॉनांचा समतोल राखण्यासाठी होते.

शेतात मात्र असा वाण ऊर्जा उधळत राहतो आणि मातीतील काटकसरी मूळ जिवाणूंपुढे त्याचा टिकाव लागणे कठीण असते. शिवाय जांभळ्या जिवाणूंना हे काम करण्यासाठी प्रकाश आणि प्राणवायूचा अभाव या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्या लागतात. पाणी साचलेल्या खाचराच्या वरच्या थरात ही स्थिती काही प्रमाणात असते, कोरडवाहू जमिनीत ती जवळपास नसतेच.

यातून आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की, एकाच वेळी भरपूर युरिया टाकल्यास त्यापासून तयार होणाऱ्या अमोनियामुळे जमिनीतील नैसर्गिक जिवाणूही नत्र स्थिर करणे थांबवतात, म्हणून माती परीक्षणानुसार ठरलेली मात्रा हप्त्यांत विभागून द्यावी. जिवाणू खत घेताना वेष्टनावरील जिवाणूचे पूर्ण नाव वाचावे, कारण प्रकाशसंश्लेषी जिवाणूंचे ‘पीएसबी’ हे संक्षिप्त नाव स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसाठीही वापरतात आणि हे दुसरे जिवाणू नत्र देण्यासाठी नसतात. नवे जिवाणू खत वापरायचे असल्यास ते रासायनिक खतात मिसळू नये. एका पट्ट्यात ते न टाकता बाकी सर्व मशागत सारखीच ठेवावी आणि दोन्हीकडील उत्पादन वेगळे मोजूनच पुढील हंगामातील युरियाच्या मात्रेचा निर्णय घ्यावा.