आधी कोळंबी, मग मासा

समुद्री माशांसाठी साठ लिटरची टाकी घेतलीस, छान. पण त्याच आठवड्यात क्लाऊनफिश आणू नकोस.

वाशीच्या खाडीचं पाणी भरू का, असं विचारलंस. अजिबात नको; त्यात गाळ नि सांडपाणी, खारटपणाही भरती-ओहोटीबरोबर बदलतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्याजवळ असलेल्या आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या पाण्यात रीफ सॉल्ट (प्रवाळांच्या टाकीसाठीचं मीठ) मिसळ, २५ अंशांना घनता १.०२५ आली पाहिजे. ती रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं उपकरण) मोज, तरंगत्या काट्यावर माझा विश्वास नाही.

आता खरं काम: मासा आणण्याआधी टाकीत उपयोगी जिवाणू वाढवायचे. दगड-वाळू लावून पंप चालू कर आणि जाळीच्या पिशवीत सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा सोड. तो कुजला की माशांना विषारी असलेला अमोनिया वाढतो, तेच या जिवाणूंचं खाद्य. (घरच्यांना वासाबद्दल आधीच सांगून ठेव, मी सांगितलं नव्हतं.) दगडांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे दुसरे जिवाणू आळशी, तिथेच लोकांचा धीर सुटतो. साधारण चार ते सहा आठवडे धर. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट दिसतंय, मगच अर्धं पाणी बदल आणि एकच मासा आण. मधेच सगळं तपकिरी झालं तर घाबरू नकोस, डायटम (सूक्ष्म शेवाळ) आहेत, जातात.

मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या वर जातं. प्रवाळ २५-२६ ला खूश. पृष्ठभागावर पंखा लाव. बाष्पीभवन वाढलं की भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या नव्हे, कारण मीठ उडत नाही. आणि बॅटरीवरचा एअरपंप आजच घे, पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.