बीम अर्धा भरून काम थांबलं, आता तोडायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोळा फुटांचा बीम भरताना मिक्सर बंद पडला, उरलेलं काँक्रीट पाच तासांनी पडलं. ठेकेदार म्हणतो "स्लरी (सिमेंट-पाण्याचं पातळ मिश्रण) मारली, काही होत नाही", शेजारी म्हणतात "तोडा". काम नेमकं कुठे थांबलं, हे दोघंही विचारत नाहीत. खरं तर सगळं त्यावरच आहे.

आधी कोल्ड जॉइंट, म्हणजे जुना थर घट्ट झाल्यावर नवा पडून राहिलेला जोड, झालाय का ते बघू. जुन्या काँक्रीटमध्ये चालू व्हायब्रेटरची सुई स्वतःच्या वजनाने उतरली आणि काढल्यावर भोक बुजलं, तर दोन्ही थर एकजीव होतात. निव्वळ घड्याळावर हे ठरत नाही. ऊन, सिमेंट, रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रसायन), सगळ्याने फरक पडतो. पण साध्या मिक्सरच्या मालाला पाच तास म्हणजे जोड झालाच असं धरून चाला.

ताणाची, म्हणजे ओढीची, फार चिंता नको. बीमच्या खालच्या बाजूचा ताण सळ्याच घेतात, काँक्रीट ताण घेतं असं डिझाइनमध्ये धरतच नाहीत. वरचा दाबही उभ्या, नीट ठासलेल्या जोडातून पलीकडे जातो. प्रश्न शिअरचा आहे, म्हणजे जोडाची एक बाजू दुसरीवरून सरकवू बघणाऱ्या बळाचा. एरवी खडी एकमेकींत अडकून त्यातला बराच भार घेते. गुळगुळीत जोडात ती पकडच नसते. आणि रिंगा (मुख्य सळ्यांभोवतीची सळईची कडी) उभ्या असल्याने उभ्या जोडाला आडव्या जात नाहीत, नुसत्या समांतर राहतात. सारखा भार असलेल्या बीममध्ये शिअर कॉलमजवळ सर्वात जास्त, मध्यावर जवळपास शून्य. म्हणून थांबायचंच तर स्पॅनच्या (दोन कॉलममधल्या लांबीच्या) मधल्या तिसऱ्या भागात, फळी लावून, उभं थांबायचं. तिथे दुसरा बीम येऊन टेकत असेल तर मात्र हे गणित बदलतं.

फळी न लावता सोडलेला माल उतरता पसरतो. त्याच्या टोकाला पातळ, खडी उघडी पडलेली जीभ राहते. माझ्या मते साइटवरचा सगळ्यात वाईट जोड हाच.

बीम स्लॅबच्या तळापर्यंत भरून थांबला असेल तर जोड आडवा. तो पृष्ठभाग गुळगुळीत राहिला तर वरचा-खालचा भाग एकावर एक ठेवलेल्या पाटांसारखे वेगवेगळे वाकू बघतात. पण इथे रिंगा जोड ओलांडतात, म्हणून पृष्ठभाग खरबरीत आणि स्वच्छ असेल तर मला फारशी भीती वाटत नाही.

आता स्लरी. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाला जुन्या काँक्रीटवरची कमकुवत साय काढलेली, पृष्ठभाग खरबरीत, स्वच्छ आणि भिजवलेला हवा, पण वर पाणी साचलेलं नको. शिवाय जोडाजवळ व्हायब्रेटर नीट चालायला हवा. साय तशीच ठेवून वर ओतलेली स्लरी जोड मजबूत करत नाही. टाचे मारले होते का, म्हणजे पृष्ठभाग ठोकून खरबरीत केला होता का, एवढंच ठेकेदाराला विचारा.

तूर्तास बीमखालचे टेके (आधाराचे खांब) हलवू नका. सहा मीटरपर्यंतच्या बीमला एरवीही चौदा दिवस ठेवायचे असतात. बाजूचं शटरिंग निघालं की कॉलमच्या कडेपासून जोडापर्यंतचं अंतर मोजा. नुसती रंगाची रेघ दिसली तर घाबरू नका. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरल्यावर माल सुटला किंवा खडी उघडी दिसली तर पोकळी आहे. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) फक्त पृष्ठभाग सांगतो. जोडावरून आणि शेजारच्या चांगल्या भागावरून अल्ट्रासॉनिक चाचणी करून काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग ताडून बघायला सांगा.

जोड कॉलमपासून चार फुटांच्या आत असेल, तर टेके काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला साइटवर बोलवाच. गच्चीचा बीम असेल तर तेही लिहा, कारण तिथे जोडातून पाणी शिरून सळ्या गंजण्याचा विषय वेगळा निघतो.