वाचक विचारतात : किंगचं कुठलं पुस्तक, आणि का?

मागच्या अंकात मी एकच प्रश्न टाकला होता. अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगचं तुमचं सर्वांत लाडकं पुस्तक कुठलं? पत्रांचा गठ्ठा आला, पण निम्म्या लोकांनी उत्तर द्यायचं सोडून उलट मलाच प्रश्न विचारलेत. मग या वेळी तेच घेऊ.

नव्या वाचकांना आधी सांगून टाकतो. मी समीक्षक वगैरे नाही. तीस वर्षं बॉयलर अटेंडंट होतो आणि किंग वाचला तो बहुतेक रात्रपाळीत, स्टुलावर बसून. त्यामुळे माझ्या मतांना थोडी कोळशाची पूड लागलेली असते, ती झटकून वाचा.

काका, ‘द शायनिंग’ हा सिनेमा मी तीनदा पाहिलाय. आता पुस्तक वाचून नवीन काय मिळणार? — एक सिनेमावेडी

ताई, बॉयलर मिळणार.

हसू नका. 1980च्या त्या सिनेमात हॉटेल आहे, बर्फ आहे, कुऱ्हाड आहे, पण 1977च्या कादंबरीचं काळीज तळघरात आहे. हिवाळ्यात बंद राहणाऱ्या हॉटेलची राखण करायला जॅक टॉरन्स येतो, तेव्हा वॉटसन नावाचा माणूस त्याला खाली नेऊन जुनाट बॉयलर दाखवतो. दिवसातून दोनदा येऊन प्रेशर उतरवायचं, विसरायचं नाही, असं बजावतो. कारण काटा धावत नाही, सरपटत वर चढतो. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून स्वतःच्या गेजकडे बघितलं. हा माणूस बॉयलरपाशी उभा राहिलेला आहे, एवढं मला तेव्हाच कळलं.

आता जॅककडे बघा. मास्तरकीची नोकरी गेलेली. दारू सोडलेली, पण दारूच्या काळातली डोकेदुखीची गोळी कोरडीच चघळायची सवय सुटलेली नाही. एकदा नशेत पोराचा हात मोडलेला. हॉटेलातली भुतं त्याच्यात नवीन काहीच भरत नाहीत. आत जे होतं त्याचाच काटा ती वर सरकवतात. सिनेमातला जॅक पहिल्या प्रसंगापासूनच बिघडलेला दिसतो. पुस्तकातला जॅक चांगला बाप व्हायला धडपडतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत हरतो. किंगला तो सिनेमा रुचला नाही, हे जगजाहीर आहे. इंजिन नसलेली देखणी कॅडिलॅक गाडी, असं तो म्हणाला होता. मला सिनेमा आवडतो, पण इंजिनाबद्दलची तक्रार मी समजू शकतो.

खोलीचंही सांगतो. 1974मध्ये किंग आणि त्याची बायको टॅबिथा कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलात उतरले होते. हंगाम संपलेला, हॉटेलात हे दोघंच पाहुणे. खोली 217. पुस्तकातही तीच. सिनेमात मात्र ती 237 झाली, कारण ज्या लॉजचं बाहेरून चित्रण केलं त्यांना धास्ती पडली की पुढे 217मध्ये कोणी उतरणारच नाही.

सर, आम्ही दोघं मित्र भांडतोय. तो म्हणतो ‘इट’, मी म्हणतो ‘द स्टँड’. निकाल द्या. — हॉस्टेलवरचे दोघे

निकाल ‘इट’च्या बाजूने, पण अपील करायला वाव आहे.

‘इट’ 1986चं, अकराशेहून जास्त पानांचं. सात मुलं, डेरी नावाचं गाव आणि दर सत्तावीस वर्षांनी जागं होणारं, विदूषकाच्या रूपात येणारं ते. पण मला विदूषक फारसा आठवतच नाही. मला आठवतं ते पहिलंच प्रकरण. मोठा भाऊ तापाने अंथरुणात, धाकट्या जॉर्जीसाठी कागदी होडी करतोय. होडी पाण्यात टिकावी म्हणून तिला पॅराफिन लावायचं आणि ते आणायला जॉर्जीने तळघरात जायचं. बस्स, एवढंच. पोरगं पायऱ्यांच्या तोंडाशी उभं आहे, खालून कुबट वास येतोय, आणि दिव्याचं बटण चाचपायला हात अंधारात घालायचाय. आपला हात बटणावर पडायच्या आधी दुसरं काही त्या हातावर पडलं तर? तळघरात काहीही नसतं. पोरगं डबा घेऊन धूम ठोकत वर येतं. भूत अजून यायचंय आणि आपण आधीच जॉर्जीएवढे होऊन बसलोय. सहा-सात वर्षांच्या पोराची भीती इतकी खरी लिहिलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

‘द स्टँड’चं म्हणाल तर पहिला तिसरा हिस्सा, साथ पसरते तो, अफाट आहे. पुढे पात्रं इतकी झाली की खुद्द किंग अडकला. आठवडेच्या आठवडे नुसता चालायला जायचा. शेवटी त्याला सुचलं काय, तर एक बॉम्ब! कपाटात बॉम्ब ठेवून त्याने आपली गर्दी कमी केली आणि गाडी पुढे सरकली. हे त्यानेच ‘ऑन रायटिंग’ या लेखनावरच्या पुस्तकात कबूल केलंय. 1978च्या पहिल्या आवृत्तीत प्रकाशकाने भरपूर पानं छाटली होती, ती 1990मध्ये परत आली. वाचायचीच तर ही जाडी आवृत्ती वाचा. आणि भांडण चालू ठेवा, परीक्षेच्या काळात तेवढीच करमणूक.

‘पेट सेमेटरी’ अर्ध्यावर सोडलं. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. मी भित्री आहे का? — एक आई

अजिबात नाही. खुद्द लेखकानेच ते लिहून खणात टाकलं होतं. आपण फार पुढे गेलो, असं त्याला वाटत होतं. जुन्या प्रकाशकाशी असलेला करार पुरा करायला एक पुस्तक द्यावं लागलं, म्हणून 1983मध्ये ते बाहेर आलं.

मुळात सगळं घडलेलंच होतं. 1978च्या सुमारास किंग विद्यापीठात शिकवायला म्हणून अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ऑरिंग्टनला राहायला गेला. घरासमोरून ट्रकांचा रस्ता. लेकीचं मांजर त्या रस्त्यावर मेलं. मागच्या रानात आसपासच्या मुलांनी आपल्या मेलेल्या प्राण्यांसाठी स्मशान केलं होतं, मांजर तिथेच पुरलं. नावातलं चुकीचं स्पेलिंगही (Cemetery, म्हणजे स्मशान, याचं Sematary) मुलांच्याच पाटीवरचं. पुढे एकदा धाकटा मुलगा त्या रस्त्याच्या दिशेने धावत सुटला. तो वाचला. कादंबरी म्हणजे ‘नसता वाचला तर’ एवढंच वाक्य ताणत, ताणत नेलेलं.

तुम्ही कुठे थांबलात ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे पतंगापाशी. लुईस क्रीड आपल्या पोराला, गेजला, घेऊन शेतात पतंग उडवतो. वारा छान, दोरी पोराच्या हातात, पोरगं खिदळतंय. सगळ्या पुस्तकातला सर्वांत सुखाचा प्रसंग. आणि त्याच हसण्याच्या वाक्यात, स्वल्पविरामांच्या मध्ये, किंग सांगून टाकतो की या पोराचे दोन महिनेही उरलेले नाहीत. ना आधी इशारा, ना नंतर स्पष्टीकरण. वाक्य पुढे जातं, पोरगं हसतच राहतं. इथे रहस्य राखून ठेवता आलं असतं. त्याने मुद्दाम फोडलं, म्हणजे पुढचं प्रत्येक साधं पान, अगदी जेवणाचं टेबलसुद्धा, तुम्हाला दिवस मोजत वाचावं लागतं.

मी ते पुस्तक एकदाच वाचलंय. पुन्हा हातात घेतलं तेव्हा नात झाली होती. पतंगाच्या आधीच्या पानावर खूण घालून ठेवून दिलं, अजून तिथेच आहे. तुमच्या मुलाला मोठं होऊ द्या, पुस्तक कुठे पळून जात नाही.

इतकं भाराभर लिहिणारा माणूस चांगला कसा असेल? किंगचा कारखाना आहे की काय? — स्पष्टवक्ता

साठाहून जास्त कादंबऱ्या, कथासंग्रह वेगळे. त्यात टाकाऊ नाहीत असं मी म्हणत नाही. ‘कूजो’ हे 1981चं पुस्तक लिहिल्याचं आपल्याला जेमतेम आठवतं, असं तो स्वतःच सांगतो, इतकी तेव्हा दारू चालायची. (‘कूजो’ वाईट नाही, हा वेगळा वैताग.)

तुमच्यासारखी शंका त्याच्या काळातही लोकांना होती. वर्षाला एकाहून जास्त पुस्तकं काढली तर बाजार बसतो, असा तेव्हाचा हिशेब. म्हणून 1977पासून तो रिचर्ड बाकमन या नावानेही छापू लागला. 1985मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका पुस्तकदुकानातल्या कारकुनाने हे ओळखून काढलं. तोवर बाकमनच्या ‘थिनर’च्या 28,000 प्रती खपल्या होत्या. खरं नाव कळल्यावर 2,80,000. पुस्तक तेच, शब्द तेच. हा आकडा किंगनेच दिलाय आणि मला वाटतं जरा कडवटपणेच दिलाय.

बाकी ‘कारखाना’ हा शब्द मला शिवीसारखा लागत नाही, हेही लक्षात ठेवा. हा गृहस्थ तरुणपणी मोठ्या लाँड्रीत मजुरी करत होता. इस्पितळाच्या चादरी आणि समुद्रखाद्याच्या हॉटेलांमधले टेबलक्लॉथ धुवायला यायचे, त्यांत अळ्या वळवळत असायच्या. छापून आलेली पहिली कादंबरी ‘कॅरी’ ट्रेलरमधल्या घराच्या कपडे धुवायच्या खोलीत, लहान मुलाचं डेस्क मांडीवर घेऊन, बायकोच्या टाइपरायटरवर लिहिली. पहिली काही पानं त्याने कचऱ्यात टाकली, ती टॅबिथाने उचलली. 1974मध्ये पुस्तक आलं. त्या लाँड्रीतून त्याने ‘द मँगलर’ ही कथा काढली, चादरींना इस्त्री करणाऱ्या यंत्रात सैतान शिरतो ती. लोक तिला हसतात. वाफेच्या यंत्रात बोटं गेलेला माणूस ज्याने पाहिलाय, तो हसत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि रसही नाही. यजमान मात्र किंगचे भक्त. माझ्यासाठी काही आहे का? — सौ. निर्भय

पुष्कळ आहे. ‘डोलोरेस क्लेबॉर्न’ घ्या, 1992चं. एक मोलकरीण पोलिसांसमोर बसून आपली कहाणी सांगते. अख्खं पुस्तक म्हणजे तिचं एकटीचं बोलणं. प्रकरणं नाहीत, दम घ्यायला जागा नाही. नवऱ्याचं काय झालं ते ती सांगते, आणि न सांगून तिला जे सांगायचं असतं ते तुम्हाला आधीच कळलेलं असतं. यजमानांना मात्र हातात देऊ नका.

दुसरं, 1982च्या ‘डिफरंट सीझन्स’मधल्या चार लघुकादंबऱ्या. ‘शॉशँक’ त्यातलीच. फ्लोरिडातल्या सुपरमार्केटमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी किंगला हटकलं होतं. तुम्ही ती भीतीदायक पुस्तकं लिहिता, मला नाही आवडत, मला ‘शॉशँक’सारखं आवडतं. हा म्हणाला, ते मीच लिहिलंय. बाई म्हणाल्या, नाही, तुम्ही नाही लिहिलं. आणि ट्रॉली ढकलत गेल्या.

गेल्या वेळी तुम्ही लिहिलंत की ‘मिझरी’मध्ये ॲनी हातोड्याने पाय मोडते. काका, पुस्तकात कुऱ्हाड आहे! — कडक वाचक

चूक कबूल. हातोडा 1990च्या सिनेमात आहे. 1987च्या पुस्तकात ॲनी, आवडत्या लेखकाला घरात कोंडून ठेवणारी ती बाई, त्याचं पाऊल कुऱ्हाडीने तोडते आणि जखम गॅसच्या बत्तीने डागते. कॅथी बेट्सने मला फसवलं. तिच्या त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं ते उगाच नव्हे, पुस्तक वाचलेल्या माणसाच्या डोक्यातली हत्यारंसुद्धा तिने बदलली. माझं त्यातलं आवडतं हत्यार मात्र टाइपरायटर. त्याचा ‘एन’ तुटलेला आहे, आणि कोंडलेला लेखक पानापानावर तो हाताने भरत बसतो. पुढे आणखी अक्षरं गळतात.

आणि तुम्ही? किंग वाचताना खरंच कधी घाबरलात? — बरेच जण

एकदाच. रात्रपाळी, पहाटेचे तीन. फायरमन भट्टीत कोळसा भरून बाहेर वाऱ्याला गेलेला. मी ‘द शायनिंग’च्या शेवटाला आलो होतो. (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी इथे थांबावं.) जॅक पोराच्या मागे धावतोय, आणि पोरगं त्याला म्हणतं, तुम्ही काहीतरी विसरलात. बॉयलर. दिवसभर कोणी प्रेशर उतरवलेलंच नाही. सिनेमातला जॅक बर्फात गोठतो, पुस्तकातलं हॉटेल इथून पेट घेतं. मी श्वास रोखून वाचतोय.

आणि तीनचं रीडिंग घ्यायचं मी विसरलो. पलीकडच्या खात्याने वाफ घ्यायची बंद केली होती, हे मला कळलंच नाही. काटा सरपटत वर गेला. बरोबर माझ्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला. बॉयलर हाऊसमध्ये हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. स्टूल एकीकडे, किंग दुसरीकडे, मी दारात. फायरमन धावत आला आणि आधी पुस्तकाकडे बघून मग माझ्याकडे बघितलं.

लॉगबुकात तीनच्या ओळीसमोर मी लिहिलं : सेफ्टी व्हॉल्व्ह टेस्ट केला. ओके.