‘अबाइड’ कुठे घालायचं, कुठे नाही

अर्जात ‘आय अबाइड इन दादर’ लिहू नकोस. व्याकरणात चूक नाही, पण ‘राहणे’ या अर्थी हे क्रियापद आता जुन्या, धार्मिक किंवा काव्यमय इंग्रजीतच उरलंय, वाचणारा हसेल. तिथे ‘रिसाइड’ लिही. खोली नंबर, चाळीचं नाव असा पूर्ण पत्ता असेल तर पुढे ‘ॲट’, नुसतं दादर किंवा मुंबई असेल तर ‘इन’. बोलताना ‘लिव्ह’ पुरे.

अबाइड आज चालतं ते ‘बाय’ लावून. सोसायटीच्या फॉर्मवर ‘आय शॅल अबाइड बाय द बाय-लॉज’, म्हणजे नियम पाळीन. पहिला ‘बाय’ गाळलास तर ‘नियम सहन करीन’ असा भलताच सूर लागतो! सहन करण्याचा अर्थ एरवी नकारातच येतो: ‘आय कान्ट अबाइड नॉइज.’ भूतकाळ ‘अबाइडेड’ कर. ‘अबोड’ नको, ते हल्ली घर या अर्थाचं नाम म्हणूनच भेटतं.