वाचकांचे प्रश्न : हजला निघताना नंबर कोणाचा?

प्रश्न : माझे वडील 68 वर्षांचे आणि आई 58 वर्षांची आहे. वडिलांनी चादरीच्या कारखान्यात आयुष्यभर माग चालवला. आता दोघांनी मिळून हज कमिटीमार्फत हजसाठी अर्ज करायचे ठरवले आहे. वडिलांकडे बटणांचा साधा फोन आहे. अर्ज भरून देणारा दुकानदार म्हणतो, 'नंबर माझाच टाकतो, मेसेज आला की कळवीन.' त्यात काही बिघडते का? आणि ज्या माणसाला स्क्रीनवर बोट कसे फिरवायचे हे ठाऊक नाही, त्याला त्या 'हज सुविधा' ॲपचा तिकडे काय उपयोग होणार? — एक वाचक, बेगम पेठ, सोलापूर

उत्तर : दुकानदाराचा नंबर मुळीच घालू देऊ नका. अर्जाचे पैसे त्याला अवश्य द्या, चहाही पाजा. पण मोबाइल नंबरच्या रकान्यात वडिलांचा किंवा आईचा स्वतःचा नंबरच असू द्या. नोंदणीच्या वेळचा ओटीपी, कुर्ऱ्याचा म्हणजे सोडतीचा निकाल, प्रतीक्षा यादीतील क्रमांक, हप्त्याची मुदत, विमानाची तारीख हा सगळा व्यवहार त्या एका नंबराला बांधलेला असतो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या चुलत्यांच्या अर्जात भरून देणाऱ्याने असाच आपला नंबर घातला होता. प्रतीक्षा यादीतून त्यांचे नाव वर सरकले, हप्ता भरण्यासाठी मोजके दिवस मिळाले, आणि तो मेसेज ज्या सिमवर आला ते सिम त्या गृहस्थाने केव्हाच बंद करून टाकले होते. घरी कळले तेव्हा मुदत टळून गेली होती. चुलते कोणाला काही बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, तो मात्र स्वतःच्या नंबरावर.

आता ॲपविषयी. केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाने हे ॲप मार्च 2024 मध्ये सुरू केले. हजचे काम 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाकडून या मंत्रालयाकडे आले, आणि प्रत्यक्ष व्यवस्था 2002 च्या कायद्यानुसार स्थापन झालेली हज कमिटी ऑफ इंडिया पाहते. पहिल्या वर्षी ॲपचा भर मुख्यतः तिकडच्या मुक्कामावर होता : विमान, राहण्याची इमारत, सामान, प्रशिक्षणाची माहिती, आणि अडचणीच्या वेळी दाबायचे आपत्कालीन मदतीचे बटण. 2025 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि अर्ज, निवड, हप्ते इथपासून परतीपर्यंतची कामे त्यात आली. किती पावले चाललो हे मोजण्याचीही सोय त्यात दिली आहे, आणि ती काही शोभेची नाही. हजच्या पाच-सहा दिवसांत मिना, अरफात, मुजदलिफा आणि पुन्हा मिना असा प्रवास असतो, त्यात चालणे पुष्कळ होते आणि उन्हाळा असेल तर मक्केत पारा पन्नाशीच्या आसपास जातो. वडिलांनी आजपासूनच फज्रच्या (पहाटेच्या) नमाजनंतर सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फेऱ्या मारायला सुरुवात करावी, आणि फोन खिशात असू द्यावा.

त्याच फेरीत त्यांची शिकवणीही होऊन जाईल. साधासा स्मार्टफोन घ्या, तुम्ही तलावाच्या एका बाजूला उभे राहा, वडिलांना दुसऱ्या बाजूला पाठवा आणि तिथून आपले ठिकाण तुम्हाला कळवायला सांगा. पहिल्या दिवशी जमणार नाही, चौथ्या दिवशी जमेल. मेसेज उघडणे, ओटीपी वाचून सांगणे, लोकेशन पाठवणे आणि ॲपमधले मदतीचे बटण ओळखणे, एवढ्या चार गोष्टी आल्या की पुरे. आईसाठी वेगळा फोन घ्या. हरममध्ये, म्हणजे मक्केच्या मुख्य मशिदीत, नमाजच्या वेळी पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या भागांत असतात, आणि दोघांत मिळून एकच फोन असला तर तो नेमका ज्याला नको त्याच्याजवळ राहतो. (माझा अनुभव असा की घरोघरी अम्मींना फोन लवकर येतो, अब्बांना तो येतो असे फक्त वाटत असते.)

तरीही केवळ फोनवर भिस्त ठेवू नका, कारण चार्जिंग संपायला वेळ लागत नाही. 'कव्हर नंबर' दोघांनाही तोंडपाठ हवा. एका अर्जात एकत्र निघालेल्या मंडळींचा मिळून हा एकच क्रमांक असतो, आणि कागद, खोली, विमान, चौकशी या सगळ्यांचा माग त्यावरूनच काढला जातो. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगणे सोपे आहे : पंढरपूरच्या वाटेवर चुकलेल्या वारकऱ्याला पहिला प्रश्न 'दिंडी नंबर किती?' असा विचारला जातो, नाव नंतर विचारतात. मक्केत भारतीय हाजी बहुतांशी अजीजिया भागात उतरतात, आणि तिथल्या इमारती एकीसारखी दुसरी दिसतात. म्हणून एका जाड कागदावर उर्दूत आणि इंग्रजीत कव्हर नंबर, पासपोर्ट नंबर, इमारतीचा क्रमांक आणि आपल्या गटाच्या राज्य हज निरीक्षकाचा फोन लिहून तो गळ्यातल्या पाकिटात ठेवावा. पूर्वी ज्यांना खादिमुल हुज्जाज म्हणत तेच हे निरीक्षक. 2025 पासून दर 150 हाजींमागे एक असे प्रमाण ठरवले गेले. सौदी सरकारकडून मिळणारे 'नुसुक' हे हाजीचे ओळखपत्रही गळ्यातून काढू नये, कारण ते नसेल तर मिनासारख्या ठिकाणी आत सोडत नाहीत.

वडिलांचे वय 65 पेक्षा जास्त असल्यामुळे त्यांना ज्येष्ठांच्या प्राधान्य गटातून अर्ज करता येईल. त्यासाठी सोबती असणे बंधनकारक आहे. सोबत्याचे वय आणि नाते यांच्या अटी त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिलेल्या असतात. त्या दरवर्षी नव्याने निघतात, त्यामुळे शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी काय केले यावर जाऊ नका.

प्रश्न : मी 52 वर्षांची विधवा आहे. मुलगा नाही, भाऊ आजारी असतो. मेहरमशिवाय, म्हणजे सोबत जवळचा नातलग पुरुष नसताना, हजला जाता येते असे ऐकले. ते खरे आहे का, आणि तिकडे एकट्या बाईची सोय कशी असते? — एक भगिनी, नई जिंदगी परिसर

उत्तर : खरे आहे. 45 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रियांना, त्यांच्या मसलकची (धार्मिक पंथाची) परवानगी असल्यास, मेहरमशिवाय अर्ज करता येतो. 2018 मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा किमान चौघींचा गट जमवावा लागत असे. 2023 च्या हजपासून एकटीनेही अर्ज करण्याची मुभा मिळाली, आणि त्या वर्षी 4,000 हून अधिक स्त्रिया अशा रीतीने जाऊन आल्या. निवडीत या गटाला प्राधान्य आहे, मक्केत त्यांच्या राहण्याची वेगळी व्यवस्था केली जाते आणि मदतीला स्त्री कर्मचारी असतात. पासपोर्ट नसेल तर त्या कामाला आधी लागा. पुणे प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीतील केंद्र सोलापुरातच आहे. मात्र आधार, मतदार ओळखपत्र आणि बँकेचे पुस्तक यांवर नावाचे स्पेलिंग तीन तऱ्हांचे असेल, तर ते एकसारखे करून घेतल्याशिवाय अर्ज भरू नका. विमान मुंबईहून निवडलेत तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते आणि तिथून हज हाउस पायी जाण्याच्या अंतरावर आहे. सामान घेऊन टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालायची वेळ येत नाही.

प्रश्न : कुर्ऱ्यात नाव लागले नाही. एक एजंट म्हणतो, 'व्हिजिट व्हिसावर नेतो, हज होऊन जाईल, पैसे रोख द्या.' देऊ का? — एक वाचक, विजापूर वेस

उत्तर : देऊ नका. हज फक्त हजच्या व्हिसावर आणि परवान्यावर होतो. परवान्याशिवाय हजचा प्रयत्न करणाऱ्याला सौदी अरेबियात 20,000 रियालपर्यंत दंड ठरवलेला आहे, आणि परदेशी माणसाला परत पाठवून दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. पैशांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे अशा माणसाला तिथे तंबू, बस, थंड हवेची जागा यांपैकी काहीच मिळत नाही. 2024 च्या कडक उन्हात 1,300 हून अधिक यात्रेकरू मरण पावले. सौदी सरकारने दिलेल्या माहितीनुसार त्यांपैकी सुमारे 83 टक्के परवाना नसलेले होते.

खासगी मार्गानेच जायचे असेल तर मंत्रालयाच्या यादीत नोंदणी असलेला आयोजक शोधा, रक्कम बँकेतून भरा आणि पावतीवर व्हिसाचा प्रकार लिहून घ्या. उमराची, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेची, गोष्ट वेगळी आहे. तो हज कमिटीच्या कक्षेत येत नाही, व्हिसा मिळवून केव्हाही करता येतो, फक्त हजचा काळ जवळ आला की थांबावे लागते. उमराला गेलात तर मदिनेत पैगंबरांच्या मशिदीतील रियाजुल जन्ना या भागात नमाज पढण्यासाठी सौदी सरकारच्या 'नुसुक' ॲपवर वेळ आधी घ्यावी लागते, तेही स्वतःच्या नावाने.

प्रश्न : अम्मीला मधुमेह आहे. सोबत कोणती औषधे आणि खाण्याचे काय नेऊ द्यावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : औषधे मूळ पाकिटातच ठेवा, डब्यात सुटी करू नका, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. मेंदूज्वराची लस सक्तीची आहे. तिचा दाखला जपून ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची आपल्याकडची रीत आहे, तिला हरकत नाही. पण मसाल्यात किंवा मिठाईत खसखस नाही याची स्वतः खात्री करा, कारण सौदी अरेबियात ती अमली पदार्थांत मोडते आणि त्यावरून अटक होऊ शकते. गुटखा आणि तंबाखूही नको. परतताना जमजमचे (मक्केतील पवित्र विहिरीचे) पाणी बॅगेत भरू देऊ नका. हज कमिटीमार्फत गेलेल्या प्रत्येक हाजीला पाच लिटरचा कॅन इकडे उतरल्यावर विमानतळावरच मिळतो.