बेळगावहून आई-बाबांना मुंबई हेलिकॉप्टरमधून दाखवायची आहे. काय लक्षात ठेवावं?

पहिली गोष्ट, पावसाळ्यात जाऊ नका. जून ते सप्टेंबर ढग इतके खाली असतात की फेरी ऐन वेळी रद्द होते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असतं, समुद्र आणि आकाश एकाच रंगाचं. मला विचाराल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेरीस जावं.

मुंबईत हेलिकॉप्टरचं मुख्य ठिकाण जुहू. १९२८चं विमानतळ, विमानाच्या खिडकीतून पाहिलंही असेल. वरून जुहूची चौपाटी, वरळीचा सागरी सेतू (साडेपाच किलोमीटर लांब, पण वरून दोऱ्यासारखा) असं काही दिसतं. मार्ग मात्र हवाई नियंत्रणाच्या परवानगीवर, म्हणून ‘हाजी अली दाखवणारच’ असं बाबांना आधी सांगून ठेवू नका.

बसण्याआधी प्रत्येकाचं वजन करतात. संकोचायचं कारण नाही, तोल सांभाळायला कोण कुठे बसणार ते त्यावर ठरतं. त्यामुळे खिडकीसाठी हट्ट चालत नाही. चार आसनी यंत्रात पायलट धरून चौघंच, तेव्हा मावशी ऐन वेळी ‘मीही येते’ म्हणाली तर पंचाईत. ओळखपत्र हवं. पदराला पिन लावा, टोपी हातात धरा, मागच्या छोट्या पंख्याकडे चुकूनही जाऊ नका. गडद कपडे घातले तर काचेत प्रतिबिंब कमी पडतं, फोटो बरे येतात.

आणि कुंद्याचा (बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा) डबा नातेवाइकांकडेच ठेवा, फेरीआधी उघडू नका. आईला चोर्ला घाटात मळमळत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.