तोंडी सांगितलेली मोरी

प्रश्न : वकीलसाहेब, मी दारव्हा तालुक्यातला लहान ठेकेदार. बांधकाम विभागाकडून गावरस्त्याचं काम बी-१ करारावर (सरकारी ठेक्याचा ठरावीक नमुना) घेतलं होतं. एस्टिमेटात एकच मोरी. पण नाल्याजवळ दुसरी टाकल्याशिवाय पहिल्याच पाण्यात भराव वाहून जाणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. शाखा अभियंता साइटवर उभे राहून म्हणाले, "टाक पाईप, एक्स्ट्रा आयटममधे, म्हणजे जादा कामात, बसवून घेऊ." ९०० मिमीचे पाईप दोन रांगांत टाकले, हेडवॉल बांधली. खर्च ४ लाख १० हजार. काम मे २०२३ मधे संपलं. फायनल बिलात मोरी नाही. ते साहेब बदलून गेले, नवे म्हणतात, "ऑर्डर दाखवा." मोरीवरून रोज एसटी जाऊन राहिली जी. माझे पैसे बुडाले का?

उत्तर : भाऊ, बुडाले नाहीत, पण बुडायला फार दिवसही उरले नाहीत. केलेल्या कामाच्या पैशाचा दावा काम झाल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. म्हणजे मे २०२६ पर्यंत. विभागाला कितीही स्मरणपत्रं पाठवली तरी ही मुदत एका दिवसानंही वाढत नाही. मुदत संपण्याआधी विभागानं तुमची थकबाकी लेखी, सहीनिशी मान्य केली, तर वाढते. विभागाच्या "प्रस्ताव विचाराधीन आहे" या ओळीत मान्य काहीच नसतं.

हे मी अशिलाच्या पैशानं शिकलो. वकिलीचं दुसरं वर्ष होतं. एक ठेकेदार खताच्या पिशवीत कागद घेऊन आला, त्यात एकोणीस स्मरणपत्रं. मी ती कौतुकानं वाचत बसलो आणि काम संपल्याची तारीख बघायची राहून गेली. मुदत दोन महिन्यांपूर्वीच उलटली होती. तो माणूस आजही बाजारात भेटला की रामराम करतो, याचंच जास्त लागतं.

आता मोरीचं. लेखी आदेश नाही, हे विभाग पहिल्याच तारखेला सांगेल, आणि करारापुरतं ते बरोबरही आहे. पण १८७२ च्या करार कायद्यात कलम ७० आहे : फुकट करायचा इरादा नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा समोरच्यानं लाभ घेतला, तर त्यानं भरपाई द्यावी. १९४४ साली बंगालमधे मंडल नावाच्या फर्मनं पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गोदामं, कच्चा रस्ता, कारकुनांची खोली बांधली. रीतसर करार नव्हता. तरी १९६१ मधे सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाखाली त्यांचे पैसे मान्य केले. तुमची एसटी रोज लाभाची साक्ष देते आहे. मात्र मिळेल ती वाजवी रक्कम; ती तुमच्या ४ लाख १० हजारांपेक्षा कमी असू शकते.

आजच माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाका आणि एमबीची (कामाची मापं लिहितात त्या मोजमाप वहीची) प्रमाणित प्रत मागा. साहेबांनी बदलीआधी मोरीची मापं चढवली असतील, तर निम्मी लढाई तिथेच. सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस, सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना. त्यानंतर २ महिने थांबावं लागतं. हे दिवस मुदतीतून वगळतात, पण त्या भरवशावर राहू नका. दावा महाराष्ट्र शासनाविरुद्ध लावायचा. नुसत्या कार्यकारी अभियंत्याला पक्षकार करून भागत नाही. कराराच्या कलम ३० प्रमाणे अधीक्षक अभियंत्यांकडे अर्जही करा, पण त्यानं घड्याळ थांबतं असं धरू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. फायनल बिल उचलताना "पूर्ण व अंतिम" यावर मुकाट सही केली, की "हरकत राखून" लिहिलंत? मुकाट केली असेल तर दावा अवघड होतो, संपत मात्र नाही. ती कोणत्या दबावाखाली केली ते दाखवावं लागेल.

पाईपवाल्याचं बिल आणि गाडीचं चलन शोधा, त्यावर तुमच्या साइटचं गाव आहे का बघा. कागद खताच्या पिशवीत आणले तरी चालतील. वर्क ऑर्डर आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला तेवढा सगळ्यात वर ठेवा.